अस्सल कागद, बखर आणि आवृत्ती क्रमांक : संगणक कोणत्या प्रतीवर विश्वास ठेवतो?

मंडळी, आजचा धागा लांब आहे आणि नेहमीच्या वाटेपासून जरा बाजूचा आहे. लढाया नाहीत, तह नाहीत, दुर्गही नाहीत. तरीही हा इतिहासाचाच विषय आहे, असे मी आग्रहाने म्हणेन.

इतिहासकाराच्या समोर एकाच घटनेचे दोन कागद आले आणि ते परस्परांशी जुळले नाहीत, तर कोणता ग्राह्य धरायचा? इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हापासून मराठी इतिहासलेखनात या प्रश्नाला एक रोखठोक उत्तर मिळाले आहे. समकालीन अस्सल कागदाचा मान मोठा. त्याच्या विरोधात कितीही बखरी एकमुखाने बोलत असल्या तरी त्यांच्या संख्येला महत्त्व नाही. सभासदाची बखर १६९७ ची. चिटणीसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची. ती अधिक सविस्तर, अधिक नीटनेटकी, आणि पुराव्याच्या दृष्टीने अधिक दुबळी. नंतरची प्रत भरघोस असते, म्हणून ती खरी ठरत नाही.

नेमका हाच प्रश्न १९९० च्या दशकात संगणकापुढे उभा राहिला. एकच सॉफ्टवेअर, त्याच्या तीन-चार आवृत्त्या, त्या निरनिराळ्या ठिकाणांहून येणाऱ्या; यांतली कोणती बसवायची? प्रत्येक वेळी माणसाला विचारणे शक्य नव्हते. म्हणून यंत्रासाठी एक पुरावाशास्त्र लिहावे लागले. त्या पुरावाशास्त्राचा हा इतिहास आहे.

प्रथम पार्श्वभूमी. लिनक्सच्या जगात सॉफ्टवेअर ‘पॅकेज’ या रूपात मिळते. पॅकेज म्हणजे फायलींचा बांधलेला गठ्ठा; त्यावर नाव, आवृत्ती क्रमांक आणि ‘मला आणखी कोणकोणती पॅकेजे लागतात’ याची यादी. ही पॅकेजे जिथे साठवलेली असतात त्याला आपण भांडार म्हणू. भांडारातून हवे ते पॅकेज आणणे, त्याच्या गरजा पुऱ्या करणे, ते बसवणे आणि पुढे अद्ययावत ठेवणे हे काम करणारी व्यवस्था म्हणजे पॅकेज मॅनेजर.

आता एक रास्त शंका : दोन्ही आवृत्त्या ठेवल्या तर काय बिघडले? निवड करायचीच कशाला? मी राहतो त्या गुरुकुंज मोझरीचे उदाहरण देतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये स्थापन केलेल्या इथल्या आश्रमात सामुदायिक प्रार्थना होते. शेकडो माणसे एका सुरात म्हणू शकतात, कारण सर्वांच्या मुखी पाठ एकच असतो. प्रत्येकाच्या हाती किंचित निराळा पाठ दिला, तर दुसऱ्याच ओळीला गोंधळ होईल. संगणकातील बहुसंख्य कार्यक्रमही असेच काही सामायिक घटकांवर उभे असतात. फाइल दाबून लहान करण्याचा घटक एकच, आणि त्याचा वापर करणारे कार्यक्रम अनेक. तो घटक बदलला की सर्वांचा पाठ बदलतो. त्यामुळे साधारणतः एका यंत्रावर एका नावाच्या पॅकेजची एकच आवृत्ती नांदते, आणि निवड टळत नाही.

१६ ऑगस्ट १९९३ रोजी इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने डेबियन प्रकल्पाची घोषणा केली. पुढच्या वर्षी डीपीकेजी हे साधन आकाराला आले. इयन जॅक्सन यांनी ते सी भाषेत नव्याने लिहिले. १९९५ मध्ये रेड हॅटने आरपीएम आणले. ही दोन्ही साधने हाती दिलेला गठ्ठा चोख बसवत; पण गठ्ठा कुठून आणावा, दोन ठिकाणी दोन गठ्ठे असतील तर कोणता निवडावा, याचा विचार त्यांच्या कक्षेबाहेर होता. त्या काळी तो प्रश्न फारसा पडतही नसे. आपल्याकडे तर लिनक्स बहुतेकांच्या घरी आले ते संगणकविषयक मासिकाबरोबर मिळणाऱ्या सीडीवर. स्रोत एकच, ती चकती. तिच्यावर जे असेल ते.

१९९८ च्या सुमारास डेबियनमध्ये ॲप्ट तयार झाले आणि मार्च १९९९ च्या ‘स्लिंक’ या आवृत्तीबरोबर ते सर्वांपर्यंत पोचले. ॲप्टला एक यादी दिली जाते : ही माझी भांडारे. यादी म्हटली की अनेकवचन आले, आणि अनेकवचनाबरोबर वाद आला. २००० मध्ये डेबियनने ‘स्थिर’ आणि ‘अस्थिर’ या दोन शाखांच्या मध्ये ‘चाचणी’ नावाची तिसरी शाखा उभी केली. आता लोकांना मोह होऊ लागला : यंत्र स्थिर शाखेवर ठेवावे, पण अमुक एक कार्यक्रम मात्र ताजा, अस्थिर शाखेतून घ्यावा. दोन्ही भांडारे यादीत टाकली की काय होणार? साधा नियम ‘क्रमांक मोठा तो घ्या’ असा असेल, तर अस्थिर शाखेतील प्रत्येक पॅकेज वरचढ ठरेल आणि रात्रीतून सारे यंत्र अस्थिर होईल. एका कागदासाठी उघडलेल्या दाराने बखरींची सारी मिरवणूक आत शिरावी, तसे.

यावरचे उत्तर जुलै २००२ च्या ‘वुडी’ आवृत्तीतील ॲप्टमध्ये दिसते. त्याला ‘पिनिंग’ म्हणतात. पिनिंगमागील कल्पना राजवाड्यांना पटली असती असे मला वाटते : आधी स्रोताचा मान ठरवा, क्रमांकाचा विचार मग करा.

ॲप्ट प्रत्येक आवृत्तीला एक गुण देते. त्याला अग्रक्रम म्हणू. साध्या भांडारातील आवृत्तीला ५०० गुण. वापरकर्त्याने ‘माझी मुख्य शाखा ही’ असे जाहीर केले असेल, तर त्या शाखेतील आवृत्तीला ९९०. यंत्रावर जी आवृत्ती आधीच बसलेली आहे तिला, केवळ बसलेली आहे या कारणाने, १००. आणि काही भांडारे स्वतःच आपल्या माथ्यावर लिहून ठेवतात की ‘आमच्याकडचे आपोआप घेऊ नका’. डेबियनचे ‘प्रायोगिक’ भांडार असे आहे. तिथल्या आवृत्तीला अवघा १ गुण.

मग निवाडा होतो. ज्या आवृत्तीचा अग्रक्रम मोठा, ती जिंकते. अग्रक्रम समान असेल, तरच आवृत्ती क्रमांकाकडे पाहिले जाते आणि मोठा क्रमांक जिंकतो. या सगळ्यावर एक पहारेकरी बसलेला असतो : बसलेल्या आवृत्तीहून जुनी आवृत्ती कधीही आपोआप बसवायची नाही. हा पहारेकरी फक्त १००० किंवा त्याहून अधिक अग्रक्रमासमोर बाजूला होतो. अग्रक्रम ऋण असेल, तर ती आवृत्ती पंक्तीतच बसत नाही.

हे आकडे पहिल्यांदा वाचताना मनमानी वाटतात. त्यांतली संगती एका उदाहरणाने कळते. डेबियनमध्ये ‘बॅकपोर्ट्स’ नावाचे पूरक भांडार आहे. नव्या आवृत्त्या जुन्या स्थिर शाखेवर चालतील अशा करून तिथे ठेवतात. ते २०१० मध्ये डेबियनचे अधिकृत अंग झाले. समजा, स्थिर शाखेत लिबरऑफिस ७.४ आहे आणि बॅकपोर्ट्समध्ये २४.२. स्थिर शाखेचे गुण ५००, बॅकपोर्ट्सचे १००. आपण काही न सांगितल्यास ७.४ च राहील, २४.२ हा आकडा कितीही मोठा दिसला तरी. आपण मुद्दाम मागितले, तर २४.२ बसेल. आता पुढच्या अद्ययावतीकरणात स्थिर शाखेतील ७.४ चे गुण ५०० म्हणून ती परत येईल का? नाही. ती जुनी आहे, पहारेकरी अडवतो. आणि बॅकपोर्ट्समध्ये २४.८ आली तर? तिचे गुण १००, बसलेल्या २४.२ चेही १००. बरोबरी झाली, म्हणून क्रमांक पाहिला जातो आणि २४.८ बसते. म्हणजे त्या भांडाराच्या उंबरठ्यावर पहिले पाऊल आपण स्वतः टाकायचे. त्यानंतरची वाट आपोआप चालू राहते. याउलट १ गुणाच्या प्रायोगिक भांडारातून काही आणले, तर तिथली पुढची आवृत्ती १ विरुद्ध १०० अशी हरते आणि आपणहून येत नाही. बसलेल्या आवृत्तीला १०० हा आकडा का दिला, याचे मर्म इथे आहे. परंपरेचे बोलणे ऐकावे, पण तिने अधिकृत भांडाराच्या ५०० ला अडवू नये, इतकाच तो मान आहे.

माझ्या मते १०० आणि ५०० यांमधील हे अंतर ॲप्टच्या साऱ्या रचनेतला सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग आहे.

आता आवृत्ती क्रमांकाकडे वळू, कारण ‘मोठा क्रमांक’ म्हणजे काय हेही वाटते तितके सरळ नाही. मोडी कागद वाचणाऱ्यांना हे सांगायला नको. ६ जून १६७४ रोजी शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. ते शालिवाहन शके १५९६ होते. त्या दिवसापासून राज्याभिषेक शक १ सुरू झाला. आता एका पत्रावर शके १५९५ आहे आणि दुसऱ्यावर राज्याभिषेक शक २. नुसते आकडे पाहणारा पहिले पत्र नंतरचे मानील. कालगणना कोणती हे आधी पाहणारा चुकणार नाही.

डेबियनच्या आवृत्ती क्रमांकात यासाठी एक स्वतंत्र जागा आहे. क्रमांकाच्या आधी एक आकडा आणि विसर्गासारखी दोन टिंबे : १:२.० अशी. या पहिल्या आकड्याला ‘इपॉक’ म्हणजे युग म्हणतात. तो लिहिला नसेल तर शून्य समजायचा. तुलना करताना युग आधी पाहतात. उरलेला क्रमांक त्यानंतर. मूळ कर्त्याने आवृत्त्यांची गणना मध्येच बदलली, समजा २००४ अशी वर्षाची पद्धत सोडून १.० अशी नवी सुरुवात केली, तर १:१.० लिहिले की काम भागते. नवा शक सुरू झाला, एवढेच ते चिन्ह सांगते. (लिबरऑफिसने उलटे केले : ७.६ नंतर २०२४ च्या आरंभी एकदम २४.२. लहानाकडून मोठ्याकडे उडी असल्याने तिथे नव्या शकाची गरज पडली नाही.)

दुसरे चिन्ह तरंगाचे, ‘~’. १.०~आरसी१ ही आवृत्ती १.० च्या आधीची मानली जाते, जरी अक्षरे वाढलेली असली तरी. आपल्या पंचांगात याला चपखल जोड आहे. अधिक आषाढ आणि निज आषाढ. नाव एकच, पण अधिक महिना आधी येतो. अधिक हा शब्द ऐकून तो नंतरचा समजणारा जसा चकतो, तसाच तरंग न ओळखणारा.

युगाच्या आकड्यात केवढे बळ आहे, ते एप्रिल २०२२ मध्ये उबुंटू वापरणाऱ्यांनी अनुभवले. उबुंटू २२.०४ मध्ये फायरफॉक्स हा ब्राउझर नेहमीच्या पॅकेजऐवजी ‘स्नॅप’ या नव्या स्वरूपात देण्याचे ठरले. जुन्या नावाचे पॅकेज ठेवले, पण ते आतून केवळ स्नॅपकडे नेणारा दिशादर्शक. आणि त्याचा क्रमांक १:१स्नॅप१ असा सुरू होणारा. फायरफॉक्सचा खरा क्रमांक तेव्हा शंभरीच्या आसपास होता. तरीही १:१ हा ०:१०० हून मोठा. ज्यांना जुन्या पद्धतीचे पॅकेज हवे होते त्यांनी दुसरे भांडार जोडले, दोन्हींचे गुण ५००, बरोबरी झाली, क्रमांक पाहिला गेला आणि दिशादर्शकच जिंकला. जानेवारी २०२४ मध्ये मोझिलाने स्वतःच्या ॲप्ट भांडारातून फायरफॉक्सची स्थिर आवृत्ती देणे सुरू केले, तेव्हा बसवण्याच्या सूचनांतच लिहिले की आमच्या भांडाराला १००० अग्रक्रम द्या. तो आकडा का, हे आता आपल्याला कळते : पहारेकऱ्याला बाजूला करणारा तोच पहिला आकडा आहे. खुद्द कर्त्याला, आपली अस्सल प्रत वाचकापर्यंत पोचावी म्हणून, वाचकाच्याच हातून तिचा मान वाढवून घ्यावा लागला.

इतर घराण्यांचे रिवाज वेगळे आहेत, आणि गंमत अशी की शब्द तोच असून अर्थ उलटा. रेड हॅटच्या परंपरेत यम आणि नंतर डीएनएफ ही साधने आली. यमला भांडारांच्या अग्रक्रमाचे जोडसाधन होते. डीएनएफमध्ये ती सोय अंगभूतच आहे. पण तिथे लहान आकडा श्रेष्ठ. काही न सांगितल्यास ९९, आणि १ म्हणजे सर्वोच्च. डेबियनमध्ये १ म्हणजे तळ. एका घरातून दुसऱ्या घरात नांदायला गेलेल्या प्रशासकाने हे विसरू नये. ओपनसुसेच्या झिपरमध्ये आणखी एक निष्ठा आहे : पॅकेज ज्या पुरवठादाराकडून आले, अद्ययावत करतानाही त्याच पुरवठादाराकडून घ्यायचे, दुसऱ्याकडे मोठा क्रमांक असला तरी आपणहून घराणे बदलायचे नाही. आर्च लिनक्सच्या पॅकमनची रीत सर्वांत साधी. यादीत जे भांडार आधी लिहिले ते श्रेष्ठ, क्रमांक काहीही असो. ही पंक्तीतल्या मानाची रीत झाली. ज्याचे पान आधी मांडले त्याला आधी वाढायचे.

या सर्वांत समान सूत्र असे की स्रोताच्या मानाची काहीतरी व्यवस्था आहे. ती व्यवस्था जिथे नव्हती तिथे काय घडले, ते आता पाहू.

प्रोग्रामरांच्या भाषांना स्वतःचे पॅकेज मॅनेजर असतात. पायथनचे पिप, जावास्क्रिप्टचे एनपीएम. मोठ्या कंपन्या काही पॅकेजे फक्त अंतर्गत वापरासाठी लिहितात आणि आपल्या खाजगी भांडारात ठेवतात. पिपला मुख्य सार्वजनिक भांडाराबरोबर एक जादा भांडार सांगता येते. पण त्या दोहोंत थोरला-धाकटा भेद नाही. दोन्हींकडचे सारे उमेदवार एका रांगेत उभे करायचे आणि सर्वांत मोठा क्रमांक उचलायचा. ॲलेक्स बिरसान या सुरक्षा संशोधकाने या रांगेकडे नीट पाहिले. कंपन्यांच्या अंतर्गत पॅकेजांची नावे त्याला उघड्यावर सांडलेल्या फायलींत सापडली. त्याच नावांची, मोठ्या क्रमांकांची पॅकेजे त्याने सार्वजनिक भांडारांत टाकली. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याने निष्कर्ष जाहीर केले : ॲपल, मायक्रोसॉफ्ट, पेपाल यांसह पस्तीसहून अधिक संस्थांच्या यंत्रांनी त्याची पॅकेजे आपणहून उचलून चालवली होती. कुणी कुलूप फोडले नव्हते. परक्या माणसाने ओळखीचे नाव सांगितले, वय मोठे सांगितले, आणि दारावरच्याने आत घेतले.

बिरसानचा हेतू दोष दाखवण्याचा होता. डिसेंबर २०२२ मध्ये तसे राहिले नाही. पायटॉर्च या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रसिद्ध प्रकल्पाची रोजच्या रोज बनणारी चाचणी-आवृत्ती टॉर्चट्रायटन नावाचे एक पॅकेज पायटॉर्चच्या स्वतःच्या भांडारातून घेई. त्याच नावाचे पॅकेज कुणीतरी सार्वजनिक भांडारात ठेवले. २५ ते ३० डिसेंबर या दिवसांत ज्यांनी लिनक्सवर ती चाचणी-आवृत्ती पिपने बसवली, त्यांच्याकडे परके पॅकेज गेले, आणि ते यंत्रावरील माहिती बाहेर पाठवणारे होते. हे राजवाड्यांच्या नियमाचे उल्लंघन होते, अशा शब्दांत मी ते माझ्या मित्रांना सांगतो आणि ते हसतात. पण खरेच, ‘दोन साधनांपैकी कोणते विश्वसनीय’ हा प्रश्न न विचारता ‘कोणते नंतरचे’ एवढेच विचारले, की चिटणीसांची बखर सभासदाला पुसून टाकणारच.

तरी एक न्याय्य आक्षेप उरतो, आणि तो टाळून चालणार नाही : ज्याला आपण अस्सल मानले त्या स्रोतातच खोट शिरली तर? याचे उत्तर सोपे नाही, आणि त्याचे उदाहरण ताजे आहे. एक्सझेड हा फायली दाबण्याचा सामायिक घटक. प्रार्थनेच्या उदाहरणात म्हटले तसा, अनेकांचा पाठ ज्यावर उभा आहे असा. डीपीकेजी स्वतः गठ्ठे उघडताना तो वापरते. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोन-तीन वर्षे चिकाटीने काम करून या प्रकल्पात विश्वासाचे स्थान मिळवले, आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेल्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, असा प्रश्न पडला. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत तो मुळापर्यंत गेला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने ते उघड केले.

त्या दिवशी डेबियनच्या अस्थिर आणि चाचणी शाखांत दूषित आवृत्ती पोचलेली होती. स्थिर शाखेत जुनी ५.४ होती, ती वाचली. कागद मूळ कर्त्याकडून आला होता, शिक्का खरा होता, क्रमांक सर्वांत मोठा होता, आणि तरीही तो खोटा होता. अग्रक्रमाच्या आकड्यांनी खोट ओळखली नाही, हे मान्यच करावे लागते. मात्र ज्यांनी ५०० गुण स्थिर शाखेला देऊन नव्याचा मोह आवरला होता, ते तिच्या वाटेत आलेच नाहीत. सुखटणकरांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना काश्मीरच्या शारदा लिपीतील परंपरेला विशेष मान दिला. ती परंपरा तुलनेने आटोपशीर होती आणि तिच्यात नंतरची भर कमी शिरली होती, हे त्यांचे एक महत्त्वाचे कारण. स्थिर शाखेचा मान काहीसा त्याच जातीचा आहे.

चोरवाट कळल्यावर डेबियनपुढे जो पेच पडला तो मला सर्वांत मनोरंजक वाटतो. ५.६.१ भांडारातून काढून ५.४.५ ठेवली, तरी ज्यांच्या यंत्रावर ५.६.१ बसली आहे त्यांचे काय? पहारेकरी त्यांना मागे येऊ देणार नाही, ५.४.५ जुनी आहे ना! युगाचा आकडा वाढवता आला असता. परंतु शक एकदा बदलला की कायमचा बदलतो. पुढील प्रत्येक आवृत्तीला तो वागवावा लागतो. म्हणून एका जुन्या युक्तीचा आधार घेतला. नव्या गठ्ठ्याला क्रमांक दिला : ५.६.१+रिअली५.४.५-१. यंत्र डावीकडून वाचत जाते, ५.६.१ च्या पुढे काहीतरी अधिक दिसते, ते नवे समजून उचलते. माणूस मात्र पूर्ण वाचतो : ‘५.६.१, पण खरे पाहता ५.४.५’. चांगल्या हेतूने लिहिलेला हा बनावट दिनांक आहे, आणि तो बनावट असल्याची कबुली त्यातच लिहिलेली आहे. दप्तरात असा प्रामाणिक बनावट कागद माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही.

आता आपल्या मुलखाकडे. मराठी लिहिणाऱ्याचा या सगळ्याशी पहिला संबंध येतो तो बहुधा फाँटमधून. लिनक्सवर वर्षानुवर्षे देवनागरी दाखवणारा लोहित हा फाँट मूळचा पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचा. रेड हॅटच्या पाठबळाने तो मुक्त परवान्याखाली वाढला. लोहित म्हणजे तांबडा, हे नाव कुणाला उद्देशून असावे ते वेगळे सांगायला नको. मराठीचा ल आणि श हिंदी वळणाहून निराळे असतात, ‘ऱ्य’मधला अर्धा र आपला स्वतःचा आहे, म्हणून लोहित मराठी हे स्वतंत्र अपत्यही होते. आता समजा, शोधनिबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याकडे फाँट भांडारातून आला आहे, आणि त्याच नावाची दुसरी प्रत मित्राने पेन ड्राइव्हवरून थेट त्याच्या घरच्या फोल्डरात टाकली आहे. ॲप्टला त्या दुसऱ्या प्रतीचा पत्ताच नसतो. तिला ना ५००, ना १००; ती गुणपत्रिकेबाहेरची आहे. वाड्याच्या माळ्यावरचे, कुठल्याही सूचीत न नोंदलेले दप्तर असावे तशी. भांडारातील फाँट सुधारला, ॲप्टने तो बसवलाही, तरी पडद्यावर जुनाच श दिसत राहू शकतो. असे झाले की लोक ॲप्टला दोष देतात. तो बहुतेक वेळा माळ्यावर सापडतो.

मराठीतून हे शिकू इच्छिणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सच्या मालिकेत सिनॅप्टिक पॅकेज मॅनेजरवरचा पाठ मराठी आवाजात आहे. तो भांडारांच्या यादीपर्यंत नेतो. अग्रक्रमाची वाट तिथून पुढची.

ती वाट चालायची असेल तर दोन गोष्टी हाताशी ठेवा. पहिली, ‘ॲप्ट पॉलिसी’ ही आज्ञा. तिच्यापुढे पॅकेजचे नाव लिहिले की बसलेली आवृत्ती, निवडलेली आवृत्ती आणि प्रत्येक स्रोताचे गुण अशी तिन्ही माहिती समोर येते. काहीही बदलण्याआधी ती वाचावी, आणि बदलल्यानंतर पुन्हा वाचावी. दुसरी गोष्ट परक्या भांडारांविषयी. पूर्वी एखाद्या भांडाराची किल्ली यंत्रात एकदा घातली की ती साऱ्या भांडारांच्या शिक्क्यांना चालत असे. आता प्रत्येक भांडारापुढे त्याचीच किल्ली लिहिण्याची सोय आहे आणि ती वापरावी. त्याबरोबर त्या भांडाराच्या सर्व पॅकेजांना सरसकट १०० गुण द्यावेत आणि ज्या एका पॅकेजासाठी ते जोडले, तेवढ्यालाच ५००. मग उद्या त्या भांडाराने मोठ्या क्रमांकाचा एखादा मूलभूत घटक पुढे केला, तरी डेबियनच्या ५०० समोर तो १०० वरच थांबेल.

शंका असतील तर खाली विचारा. कुणाच्या यंत्रावर ‘+रिअली’ असलेले एखादे पॅकेज आजही बसलेले असेल, तर त्याचा पूर्ण क्रमांक अवश्य लिहा. मी अशा क्रमांकांचा संग्रह करतो आहे.